गुडघ्यांवरचा भुसा

समोरच्या हार्डवेअरवाल्या म्हाताऱ्याच्या पँटला गुडघ्यांवर लाकडाचा भुसा चिकटला होता. आमच्या या अमेरिकी गावाबाहेर दर उन्हाळ्यात प्रवचनांचा मोठा तंबू लागतो आणि त्यात खाली भुसा पसरतात. तिथे सगळ्यांसमोर गुडघे टेकून, रडून तो थेट माझ्या पेट्रोल पंपावर आला होता.

"भाऊ, देवानं मला माफ केलं," हात पुढे करत तो म्हणाला. "आता तूही कर."

माझ्या पेट्रोलमध्ये पाणी असतं, असं यानेच गावभर पसरवलं होतं. मी हात काउंटरवरून उचलला नाही.

"तंबूत काय कबूल केलंस?"

"खोटं बोललो म्हणून."

"कोणाबद्दल?"

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

या देशात असे तंबू पिढ्यान्‌पिढ्या लागत आले आहेत. अशाच भुशावर गुडघे टेकून कुणी दारू सोडली, गुलामगिरीच्या काळात कुणी आपले गुलाम मोकळे केले. आणि कुणी डोळे पुसून घरी गेले नि आपल्या गुलामांना पुन्हा शेतात जुंपलं. रडले मात्र सगळे सारखेच असणार.

"तंबूतल्या त्याच माइकवर माझं नाव घेऊन सांग," मी म्हणालो. एरवी सौद्यात मी थोडं सोडतो. इथे सोडणार नव्हतो.

"अरे, गाव काय म्हणेल मला?"

"मला काय म्हणतं ते सहा वर्षं ऐकतोय मी."

त्याचा चेहरा लाल झाला. दारातच वाकून त्याने दोन्ही गुडघे झटकले आणि गाडी घराकडे वळवली.

पायरीवरचा तो भुसा मी अजून झाडलेला नाही.