वीतभर बोर्ड

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. या माणसाच्या खिशाला पिवळ्या मुठीचा टेस्टर असायचा, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेस्टरच म्हणायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो टेस्टर खिशातून डोकं वर काढून बघतोय. बायकोनं त्यावरून जन्मभर टोमणे मारले आणि सहा वर्षांपूर्वी ती गेली. आता घरात त्यांना आप्पा म्हणणारी एकच उरली होती, लेक. ती त्यांची ठकी.

आप्पा वायरमन. सगळ्यात नाव कमावलं ते बोर्ड भरण्यात. बोर्ड भरायचा म्हणजे भिंतीवरच्या पाटीत बटणं, सॉकेट, पंख्याचा रेग्युलेटर बसवायचा आणि मागं वायरींची अशी वेणी घालायची, की पुढच्या वायरमननं उघडून बघितलं तर त्याला लाज वाटावी. पस्तीस वर्षांत एक रीत त्यांनी मोडली नाही. कुणाचाही बोर्ड असो, त्यात एक जागा मोकळी ठेवायची. तिच्यावर नुसतं झाकण.

घरमालक कुरकुरायचे. "टेस्टर, ही बंद खिडकी कशाला?"

"तुमच्या घरात अजून काय काय यायचंय, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?"

वर्ष-दोन वर्षांत फ्रीज यायचा, नाहीतर पाळणा यायचा आणि पाळण्याशेजारी मिणमिणता दिवा लागायचा. मग तेच घरमालक निरोप धाडायचे, ती खिडकी उघडायला या म्हणून.

ठकी एका बांधकामवाल्याकडं कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. दिवसभर तेच करून पुन्हा संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसायची. आप्पा शेजारी खुर्ची ओढून चहा घेत बसायचे. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गप्प बसणं रक्तात नव्हतं.

"ठके, त्या भुयारात दिवा लागलाय बघ."

"लागलाय की."

"वायर कुठून आलीये त्याला?"

"आप्पा, माझ्या मागं राक्षस लागलाय!"

"लागू दे. एवढ्या ओलीत उघडा दिवा लावलाय, तो राक्षसच शॉक लागून मरतोय बघ."

असं चाललेलं असताना एकदा ऐन लढाईत जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. ठकी म्हणाली, आता नवा विकत नाही आणायचा, सुटे भाग घेऊन घरीच जोडायचा. मग एकेक खोकं यायला लागलं. पंखा आला, मेमरीच्या पट्ट्या आल्या, बिस्किटाएवढा प्रोसेसर आला. तो तर तिनं लुगड्याच्या घडीत सोनं ठेवावं तसा कपाटात ठेवला. मदरबोर्ड आणि हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी, एवढंच राहिलं.

"मदरबोर्ड म्हणजे?"

"सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो बोर्ड."

"म्हणजे बोर्डच भरायचाय ना? मग मला विचार की! मी काय मेलो होतो?"

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आप्पा लेकीच्या स्कूटरवर मागं बसले.

दुकान म्हणजे बोळकंडी. चष्मेवाल्या पोरगेल्या दुकानदारानं दोन बोर्ड काचेवर मांडले. एक ताटाएवढा ऐसपैस, दुसरा जेमतेम वीतभर. आप्पांनी दोन्ही उन्हाकडं धरून मागून-पुढून पाहिले, बोट फिरवलं, आणि वीतभर बोर्ड बाजूला सारला.

"मोठा घे. मेमरीला चार जागा आहेत, तुझ्याकडं पट्ट्या दोन. दोन मोकळ्या राहतात. खाली कार्डाला तीन जागा. याला म्हणतात बोर्ड."

"मला लहान पाहिजे."

"यात काय आहे? दोन जागा, दोन पट्ट्या, संपलं. उद्या काही आलं तर कुठं बसवशील? माझ्या डोक्यावर?"

"उद्या काही येणार नाहीये, आप्पा."

"कशावरून?"

ठकीनं बाजूला सारलेला वीतभर बोर्ड उचलून घेतला. तो काही हातातून सोडेना. दुकानदाराला वाटलं, आपण मध्ये पडून मदत करावी.

"काका, लहान कोण नेतं माहितीये? ज्यांना मशीन उचलून न्यायचं असतं ते. होस्टेलवाले, बदलीवाले. ताई, तुम्ही कुठं बाहेरगावी निघालाय का?"

ठकीची नजर काचेवर. आप्पांनी पस्तीस वर्षं भिंतीतून न दिसणारी वायर कुठून कुठं गेलीये ते नुसतं बघून ओळखलं होतं. ही तर तीन हातांवर होती.

"नंतर येतो," ते दुकानदाराला म्हणाले.

दोन सिग्नल गेले. मग स्कूटरच्या मागच्या सीटवरून आवाज आला, "किती लांब?"

"काय?"

"हे मशीन जिथं जाणार आहे ते."

स्कूटर हलली. "बारा तास. बसनं."

"पुढं बघून चालव."

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. खेळातली घरं, गल्ल्या, भुयारं, त्यातले दिवे मांडायचं काम. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"म्हणजे त्या बिनवायरीच्या दिव्यांची माणसं?"

"तीच." ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "मी नाही म्हणून कळवणार आहे. लहान बोर्ड उगाच बघत होते. मोठाच आणू या."

"उगाच?"

"मागच्या वर्षी शिडीवरून पडलात, तेव्हा मी घरात नसते तर?"

"तर शेजारच्यानं उचललं असतं. तुझ्यापेक्षा त्याच्या दंडात जोर आहे."

"थट्टा नको, आप्पा."

आप्पांनी थट्टा केली नाही. दुखऱ्या गुडघ्यावर तेल चोळत बसले, ते बसलेच.

दुसऱ्या दिवशी एका नव्या जोडप्याच्या घरात बोर्ड भरायचा होता. वायरींची वेणी झाली, बटणं बसली, सॉकेट बसलं. शेवटी मोकळ्या जागेवर झाकण लावायचं, तर स्क्रू हातातच राहिला. येणाऱ्यासाठी जागा ठेवायची एवढं त्यांना शिकवलेलं होतं. जाणाऱ्यासाठी काय करायचं, ते त्यांच्या उस्तादानं कधी सांगितलं नव्हतं. राग यावा असं पोरीनं काही केलं नव्हतं, म्हणून राग जास्तच येत होता. आणि खरं सांगायचं तर त्यांना भ्या वाटत होतं ते गुडघ्याचं नव्हे, संध्याकाळचं. दिवस काय, कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर निघून जातो.

"काका, स्क्रू पडला का?" घरातल्या नव्या सूनबाईनं विचारलं.

"नाही, हातातच आहे," आप्पा म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

तिथून ते घरी गेले. ठकी कामावर होती. तिची पाठीवरची बॅग खुंटीवरून काढली, मोजपट्टी खिशात टाकली, आणि बस धरून एकटेच दुकानात गेले. दुकानदार बाहेर गेला होता, गल्ल्यावर त्याची बायको होती. आप्पांनी बॅग काचेवर ठेवली.

"वहिनी, कालचा तो वीतभर बोर्ड द्या. आणि त्याची पेटी द्या, या बॅगेत बसेल अशी."

वहिनींनी तीन पेट्या काढल्या. आप्पांनी तिन्ही मोजल्या. तिसरी बॅगेत गेली, चेन जराशी रडली पण लागली. मग वहिनींनी वीतभर मापाचे चार बोर्ड पुढं ठेवले. आप्पा चारींकडं बघत राहिले. चारी भावंडं.

"यातला कुठला, काका? प्रोसेसरचं सॉकेट कुठलं आहे? ते जुळायला पाहिजे."

"सॉकेटचं मला सांगता?" आप्पांची छाती दोन बोटं वर आली. "घरातलं एकूण एक सॉकेट मी माझ्या हातानं बसवलंय. टेबलापाशी तर मोठं आहे, अर्थिंगसकट. त्याची चिंता तुम्ही करू नका."

वहिनींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा खिशातल्या टेस्टरकडं. यांना सांगायचं कुणी?

"बरं. पण खोकं फाडू नका हं. नाहीच जमलं तर बदलून देऊ."

"न जमायला काय झालंय!" म्हणत आप्पांनी त्यातला सगळ्यात सुबक बोर्ड उचलला.

संध्याकाळी ठकी आली तेव्हा टेबलावर तिची बॅग फुगून बसली होती आणि शेजारी खोकं. तिनं आधी बॅगेला हात लावला. मग खोकं उचललं, बाजूचं बारीक छापलेलं वाचलं, पुन्हा वाचलं.

"आप्पा, यावर माझा प्रोसेसर बसत नाही."

"का? दुखलं कुठं?"

"सॉकेट वेगळं आहे."

"परत सॉकेट! त्या वहिनीही तेच. अगं, सॉकेट भिंतीत आहे ना!"

ठकीनं कपाटातून प्रोसेसर काढला. तळहातावर ठेवून त्यांना दाखवला. हा ज्या खाचेत बसतो त्या खाचेलाच सॉकेट म्हणतात, आणि दर जातीची खाच वेगळी.

आप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. "मग माणसानं सरळ खाच म्हणावं की!"

ठकी हसायला लागली. अशी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. हसता हसता तो आवाज कुठंतरी वळला, आणि तिनं तोंड ओढणीत घातलं. आप्पांनी तिच्याकडं नेलेला हात मागं घेतला. वायर जोडताना करंट चालू असला की हात मागं घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

"मी मोठा घेऊ म्हणाले होते ना?" ती ओढणीतूनच म्हणाली.

"म्हणाली होतीस."

"मग हा का आणलात?"

"मोठा बॅगेत मावत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय बॅगेत बसून येऊ?"

"संध्याकाळी काय करणार एकटे?"

"कंटाळणार," आप्पा म्हणाले. "पहिले काही दिवस फार कंटाळणार. मग बघू. पण तू इथं बसून माझ्या गुडघ्याकडं बघत राहिलीस, तर त्याचा मला जास्त कंटाळा येईल."

ठकीनं डोळे पुसले, स्कूटरची किल्ली घेतली.

"चला. दुकान बंद व्हायच्या आत बदलून आणू."

"सॉकेट काय ते तू बघ," आप्पा खोकं काखेत मारत म्हणाले. "माप बदलायचं नाही. आणि थांब. त्या लोकांना आधी कळवून टाक. शुक्रवारची वाट कशाला बघायची?"

ठकीनं उभ्या उभ्या मोबाइलवर काहीतरी लिहिलं. अंगठा जरा थबकला, मग दाबला.

"काय लिहिलंस?"

"येते म्हणून."

आप्पांनी मान हलवली. "बरोबर आहे. जाते म्हणायचं नसतं."