साडूंच्या तोंडावरचा लेप

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात स्वतःच्या गालांची इतकी काळजी घेणारा पुरुष माझ्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा झालेला नाही, आणि पुढं होईल अशी चिन्हंही नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे हे यजमान. सारी हयात त्यांनी फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहून काढली. वितळलेल्या लोखंडाच्या धगीनं तोंड असं रापलं होतं, की ते हसले तरी जवळ गेल्याशिवाय कळत नसे. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी आरशासमोर उभं राहून त्यांनी घरात जाहीर केलं, "मला गोरं न्हाय व्हायचं. पण भट्टीनं ह्या तोंडाचं जे जे नेलंय, ते सगळं परत घेणार हाय मी."

तेव्हापासून उचगावच्या त्यांच्या घरात सकाळी काकडीचा रस, न्हाणीत मसुरीचं पीठ, बाहेर पडताना सनस्क्रीन आणि दर तीन तासांनी पुन्हा सनस्क्रीन असा कारखान्याच्या पाळ्यांसारखा कारभार सुरू झाला. पुटकुळ्या येतात म्हणून तांबडा रस्सा बंद. जेवणावळीत ते फक्त पांढऱ्या रश्श्यावर भागवत आणि समोरच्याचं नाक निरखून "पावणं, तुमची भोकं लई उघडी पडल्यात" असं ऐन घासाला सांगत. संध्याकाळी म्हशी पिळतात त्या कट्ट्यावर लोक धारोष्ण दूध प्यायला जातात. साडू ग्लास घेऊन त्यात कापसाचा बोळा बुडवत आणि उभ्या उभ्या तोंड पुसत. म्हशीवाला एकदा कावला. "अहो, प्यायचं असतंय ते!" साडू शांतपणे मानेवरून बोळा फिरवत म्हणाले, "पिल्यावर कुणाला दिसतंय?"

एकदा तर आम्ही एका मयताला गेलो होतो. अग्नी द्यायची वेळ आली तसे साडू गर्दीतून मागं मागं सरकू लागले. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. आधार द्यावा म्हणून मागं गेलो, तर ते खिशातली ट्यूब पिळत होते. माझ्या तळहातावर थोडं ठेवून कुजबुजले, "आता मोठा जाळ हुईल. लावून घ्या."

या सगळ्याचा कळस म्हणजे संध्याकाळी पाचचा लेप. मुलतानी माती दह्यात कालवून तोंडाला थापायची आणि वीस मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही. लेपाला तडा गेला की सगळं फुकट. आणि नेमकं त्याच वेळी एका मंगळवारी कागलचे पाहुणे साडूंच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला बघायला आले. सहाला येणार होते, पाचलाच टेकले. याआधी दोन ठिकाणी बोलणी फिसकटली होती, त्यामुळं आक्कांचा जीव आधीच टांगणीला. "धुवा की ते तोंड!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. साडूंनी पाची बोटं तीनदा दाखवली. पंधरा मिनिटं बाकी होती. आणि ते तसेच, राखाडी तोंडानं, बाहेरच्या खोलीत येऊन हात जोडून बसले.

मुलाचे वडील बराच वेळ बघत राहिले. "पावणं बोलत न्हाईत व्हय?"

"मौन हाय त्यांचं. सोमवारचं," आक्का म्हणाल्या.

"आज मंगळवार हाय की."

"कालचं ऱ्हायलं होतं."

अवघडलेपण घालवायला मुलाच्या वडलांनी, ते स्वतः मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट काढली. भावाच्या तंग विजारीत गेले होते, खाली बसताना ती मागून फाटली, आणि मग मुलीला पाठ दिसू नये म्हणून ते उलट्या पावलांनी घराबाहेर पडले. साडूंचं पोट हलायला लागलं. त्यांनी दात आवळले, छताकडं बघितलं. पण नाकापासून कानापर्यंत एक भेग सरसरत गेली आणि रुपयाएवढी खपली सुटून समोरच्या पोह्यांच्या बशीत पडली. आक्कांनी डोळे मिटून घेतले. मलाही वाटलं, हे तिसरंही स्थळ गेलं.

तेवढ्यात आतापर्यंत गप्प असलेली मुलाची आई पुढं वाकली. "दह्यात कालवलंय का गुलाबपाण्यात?"

"दह्यात!" साडूंना राहवलं नाही. त्याबरोबर अर्धा गाल खाली आला. "गाईच्या. म्हशीचं दही जड पडतंय."

बाईंनी पदर जरा बाजूला केला. उसाच्या रानात राबून दोन्ही गालांवर वांगाचे डाग पडले होते. "ह्यावर काय हुतंय का?" त्यांनी हळूच विचारलं. साडू खुर्ची ओढून जवळ सरकले आणि उरलेल्या लेपानिशी अर्धा तास बोलले. "सगळं जाईल असं न्हाय सांगत, वैनी. पण उन्हात तोंड बांधत जावा. भट्टी काय आन् रान काय, जळतंय ते आपलंच कातडं." भाचीला कोणी एक प्रश्न विचारला नाही. जाताना बाई साडूंनी दिलेली सनस्क्रीनची ट्यूब पदराखाली धरून एवढंच म्हणाल्या, "पोरगी आमची."

लग्न झालं. महिन्याभरानं मी उचगावला गेलो, तर साडू लेप लावून बाहेरच्या सोप्यात बसले होते. समोर स्टुलावर मोबाईल आणि त्यातून भाचीचा आवाज. सासू आता तोंड बांधून रानात जाते, शेजारणीही बांधायला लागल्यात, काल आमटी खारट झाली, असं काहीबाही ती सांगत होती. मध्येच म्हणाली, "पप्पा, ऐकताय न्हवं?" साडूंनी मोबाईलशेजारी बोटानं दोनदा टकटक केलं. ती पुढं बोलू लागली.

आक्का मला आत घेऊन गेल्या. "भट्टीवर हुते तवर पोरीशी धड बोलणं न्हाय. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरी आलं की झोप. मग हा लेप निघाला. तीच लावायची, शेजारी बसायची आन् दिवसभराचं सगळं सांगायची. ह्यांना मधी बोलताच येत न्हवतं, म्हणून पोरगी मोकळी झाली."

मी बाहेर येऊन बसलो. पावणेसहा वाजले. लेप केव्हाच वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, हनुवटीवरची माती सदऱ्यावर सांडत होती. साडू काही तोंड धुवायला उठले नाहीत.

"पप्पा, हायसा न्हवं?"

टक, टक.