मधला खांब

माझे सासरे टेलिफोन खात्यात लाईनमन होते. रत्नागिरीपासून पूर्णगडापर्यंतच्या तारा त्यांनी नोकरीभर सांभाळल्या, लोकांचं बोलणं इकडून तिकडे जावं म्हणून उन्हापावसात कातळाचे सडे तुडवले, आणि आता त्यांनाच ऐकू येत नाही. कानाला मशीन आहे, पण त्यानं दारावरची बेल आणि कुकरची शिट्टी कळते, माणसाचं बोलणं कळत नाही. माझं बोलणं ते ओठांकडे बघून ओळखतात. शिवाय मी ओरडते. त्यामुळे आमच्याकडे भांडण चाललंय की कुणाला जेवायला बोलावतायत हे शेजारच्यांना अजून कळलेलं नाही.

नवरा मुंबईत नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. मी इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, म्हणून घरातली कॉम्प्युटरची तज्ज्ञ मीच. तसं मी स्वतःच ठरवलं होतं. माझी धाकटी नणंद लग्न होऊन पुण्याला गेली आणि दर रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल करू लागली, तेव्हा पडद्यावरचे ओठ सासऱ्यांना वाचता येईनात, म्हणून मी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एक प्लगिन टाकून दिलं. समोरचा माणूस बोलेल ते खाली एका पट्टीवर मराठीत उमटतं. बाबा ती पट्टी वाचायचे आणि झटझट उत्तरं द्यायचे. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून पावणेदहालाच खुर्चीवर.

नणंदेला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तिला सांगू नको गो. लांब असते, उगाच जीवाला घोर लावून घेईल," अशी मला ताकीद होती. ती बिचारी कानातल्या मशीनचं कौतुक करायची आणि बाबा मान डोलवायचे.

मग एका आठवड्यात ब्राउझर आपणहून अपडेट झाला. त्या रविवारी मी परीक्षेच्या कामावर होते. दुपारी घरी येऊन विचारलं, काय म्हणाली? बाबा म्हणाले, "छान झालं बोलणं." मी पोळ्यांना लागले.

बुधवारी नणंदेचा मेसेज आला. तिनं नवऱ्याचं घर सोडलं होतं, एक खोली घेऊन वेगळी राहत होती. पुढे लिहिलं होतं, "वहिनी, बाबांना रविवारी सगळं सांगितलं. ते छान म्हणाले. दोनदा म्हणाले. मग मी गप्प बसले. आता मी फोन नाही करणार."

मेसेज वाचून मी तरातरा पडवीत गेले आणि बाबांच्या समोर बसून विचारलं, रविवारी ती काय बोलली? खरं सांगा. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पट्टी दोन ओळी चालली नि बंद पडली. मग मी आपला छान म्हटलं," ते म्हणाले. "मुलीच्या तोंडावरून काय ते कळत नव्हतं. वाईट काय हाय काय?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. बाबांनी हात वर केला.

"तू सांगू नको. तिला पण काय सांगू नको. तिनं मला सांगितलंन, मी ऐकलं नाय. मीच परत विचारीन तिला. तू ती पट्टी तेवढी चालू करून दे."

मी नणंदेला फोन केला आणि इतकंच म्हटलं की या रविवारी एकदा कर, माझ्यासाठी कर. ती म्हणाली, "एकदाच." म्हणजे आमच्या हातात शनिवार होता.

शनिवारी सकाळी सगळं आवरून मी लॅपटॉप उघडला. मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला आणि काहीबाही बोलू लागले. पट्टीवर माझे शब्द उमटले आणि मिनिटभरात करड्या रंगाची चौकट आली: हे प्लगिन बंद पडले आहे. मी ते परत सुरू केलं. पडलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. पडलं. प्लगिन काढलं, नव्यानं टाकलं, साठलेलं सगळं पुसलं, सेटिंगमध्ये दिसेल ते बटण उलटसुलट केलं. प्लगिन बनवणाऱ्यांना तावातावानं तक्रार पाठवली, त्यांच्या यंत्रानं माझे आभार मानले. अकरा वाजेपर्यंत माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी लॅपटॉपला काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. बाबांना ऐकू येत नाही हा एवढाच फायदा.

पण ओठ त्यांना वाचता येतात हे मी विसरले होते.

ते जुन्या कॅलेंडरचं एक पान घेऊन शेजारी येऊन बसले. "काय काय केलंस?"

"सगळं केलं."

"सगळं म्हणजे काय काय ते सांग. लिहून घेतो."

मला आठवेना. कशानंतर काय केलं, त्यानं काही फरक पडला का, काही म्हणजे काही सांगता येईना. बाबांनी पेन खाली ठेवलं. "मग तू दुरुस्ती करत नायस. तू रागावत्येस," ते शांतपणे म्हणाले. मला खरंच राग आला, कारण ते बरोबर होतं.

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. ब्राउझर म्हणजे काय हे त्यांना धड माहीत नव्हतं, आणि त्यानं त्यांचं काही अडलं नाही. पहिला प्रश्न, आधी चालत होतं नि आता नाही, तर मध्ये काय बदललं? मी अपडेट म्हटलं. ते मागे नेता येतं? नाही म्हटलं. "मग वादळ झालं म्हणायचं. वादळ परत पाठवता येत नाय. तारेवर झावळ कुठं पडल्ये ते बघायचं."

दुसरा प्रश्न, दर वेळी पडतं का, की मनात येईल तेव्हा? मला स्वयंपाकघरात मोबाईल घेऊन बोलायला बसवलं आणि बाबा इकडे मनगटावरचं घड्याळ बघत. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा मिनिटाच्या आत पडलं. बाबा खूश झाले. मी म्हटलं, यात खूश होण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, कधी पडणारी नि कधी न पडणारी लाईन सगळ्यात वाईट, दर वेळी पडणारी शहाणी.

तिसरा प्रश्न ऐकून मला माझी लाज वाटली, कारण तो मला सुचायला हवा होता. "हे आत एकटंच हाय, की आणखी कोण हायत?"

मी यादी उघडली. आणखी बारा प्लगिन्स होती. मराठी टायपिंगचं, जाहिराती अडवणारं, शब्दांचे अर्थ सांगणारं, ऑफिसच्या फायलींचं, अक्षरं मोठी करणारं, आणि काही तर मी कशाला टाकली होती देव जाणे. ब्राउझरची एक अशीही खिडकी उघडता येते, ज्यात यातलं कुणी येत नाही. फक्त पट्टीवालं प्लगिन त्यात घेतलं. पाच मिनिटं मी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बोलत राहिले, पट्टी एकदाही पडली नाही.

"म्हणजे ह्याचा दोष नाय. शेजार वाईट," बाबा म्हणाले. मी लगेच यादीत वरपासून एकेक बंद करायला घेतलं. बाबांनी माझ्या हातावर पेनानं टकटक केलं.

"एका टोकाकडून चालत सुटायचं नाय. मधला खांब धरायचा."

मग त्यांनी सांगितलं. पूर्णगडाची लाईन बंद पडली की नवीन माणूस रत्नागिरीपासून एकेक खांब बघत निघायचा आणि संध्याकाळी अर्ध्यात दमून बसायचा. बाबा सायकलनं थेट मधल्या खांबावर जायचे. वर चढून तार सोडवायची, सोबत नेलेला टेस्टिंगचा फोन लावायचा, इकडे रिंग द्यायची, तिकडे रिंग द्यायची. एक बाजू बोलते, एक बोलत नाही. बोलते ती बाजू विसरायची. मुक्या बाजूच्या मधल्या खांबावर जायचं. आठदहा खांब चढले की दोष समोर. खांबाखाली उभे राहून सांगतायत तसे ते सांगत होते, हातवारे करून, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की हा माणूस नुसता खांबावर चढत नव्हता.

बारामधली सहा बंद केली. पट्टी पडली. म्हणजे दोष उरलेल्या सहांत. त्यातली तीन बंद केली. पट्टी चालली. म्हणजे आता बंद केली त्या तिघांत कुणीतरी. घाईनं मी त्यातली दोन एकदम चालू करायला गेले, परत टकटक. "दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाय." एक चालू केलं, पट्टी चालली. दुसरं चालू केलं आणि करडी चौकट आली.

ते आवाज मोठा करणारं प्लगिन होतं. गेल्या दिवाळीत मीच बाबांसाठी टाकलेलं. दोन्ही प्लगिन्स कॉलचा आवाज आपल्या ताब्यात घेतात, आणि नवीन अपडेटनंतर ब्राउझर तो एका वेळी एकालाच देतो, असं मला नंतर शोधल्यावर सापडलं. ते मी वाचून दाखवण्याआधीच बाबा म्हणाले, "एका तारेवर दोघं चढले होते."

तरी त्यांचं समाधान नव्हतं. ते प्लगिन तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं, दर वेळचं कॅलेंडरच्या पानावर लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं. मी त्यांच्या पायाच पडायची बाकी होते.

"काढूनच टाकते आता हे मेलं," मी म्हटलं.

"काढू नको." त्यांनी माझा हात धरला. ते म्हणाले, "त्यानं बोलणं नाय कळत मला. पण आवाज येतो. तिचाच हाय एवढं कळतं."

मला वाटत होतं, त्या प्लगिनचा त्यांना काडीचा उपयोग नाही. मी ते राहू दिलं. दुपारभर त्यांनी दोन्ही बटणं स्वतःच्या हातानं चालू-बंद करायची सवय केली. पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, डावं शब्द, उजवं आवाज.

रविवारी दहाला कॉल आला. नणंदेचा चेहरा दगडासारखा. बाबांनी उजवं बटण चालू ठेवलं होतं. ती "हॅलो बाबा" म्हणाली आणि बाबांनी डोळे मिटून ते ऐकलं. मग उजवं बंद केलं, डावं चालू केलं.

"मला ऐकू येत नाय गो," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. तू बोलतेस ते इथं लिहून येतं, ते मी वाचतो. त्या दिवशी ते बंद पडलं होतं नि मी उगाच छान म्हटलं. तुझं काय ते मला ठाऊक नाय. परत सांग. मी वाचतोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं सांगायला सुरुवात केली. पट्टीवर ते सगळं उमटू लागलं, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, घर सोडलं, खोली, तिथल्या पहिल्या रात्री काय झालं. बाबा पडद्यावर बोट ठेवून वाचत होते. नजर पट्टीवरून हलत नव्हती. एकदाही छान म्हणाले नाहीत.

मग पट्टी थांबली. बाबांनी वाट पाहिली, घड्याळाकडे पाहिलं, परत पट्टीकडे. रिकामीच.

"पडलं काय गो परत?" त्यांनी मला विचारलं.

मी पडद्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

"नाही बाबा, चालू आहे," मी त्यांच्या समोर येऊन म्हटलं. "ती रडतेय."

बाबांनी डावं बटण बंद केलं. उजवं चालू केलं. आवाज पुरता वाढवला, आणि टेबलावर वाकून कान लॅपटॉपला लावला.