ताम्रपटाची सेकंड शिफ्ट

आनंदराव लांजेवार भिलाईत सेक्टरातल्या एका शाळेत इतिहास शिकवत. घरातल्या जनावरांना त्यांनी कधी राजांची नावं दिली नाहीत. कुत्र्याला हाकलताना इतिहासाचा अपमान होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तांबूस रंगाचा कुत्रा ताम्रपट झाला आणि मांजर बखर, कारण तिचा आवाज मोठा, भरवसा थोडा. पत्नी रत्नमाला दोघांनाही ‘अरे मेल्या’ म्हणूनच बोलवी आणि दोघंही तिचंच ऐकत.

सरांना रोजनिशीचा नाद होता. पाऊस, पाहुणे, पेरूला आलेला बहर आणि ताम्रपटाचं जेवण, सगळं तारखेनिशी. तीन वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी निष्कर्ष काढला होता की हा कुत्रा दर तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं जेवत नाही, कारण प्राणी पोटाला विश्रांती देतात.

“आठवडाभर एकादशी धरते का तो?” रत्नमाला विचारी.

१९८४च्या मे महिन्यात सरांना दुसऱ्या सेक्टरात मोठं क्वार्टर मिळालं. शनिवारपर्यंत ताबा घेतला नाही तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं. बुधवारी दुपारी ताम्रपट बाहेर पडला. एरवी झोपायच्या वेळेला तरी परतायचा. या वेळी परतलाच नाही. गुरुवारी सामान बांधायला काढलं तेव्हा त्यांची अकरा वर्षांची मुलगी तारा पेटीवर जाऊन बसली.

“मी नाही येत. तामू आल्याशिवाय पेटी उचलायची नाही.”

“जगाचे पुरावे शोधता,” रत्नमाला नवऱ्याला म्हणाली, “घरचा कुत्रा सापडत नाही तुमाले.”

सर रोजनिशी घेऊन खिडकीत बसले. उपासाच्या तारखा त्यांनी एका कागदावर उतरवल्या. दीड वाजता दुपारच्या पाळीच्या सायकली स्टील प्लांटकडे निघाल्या. सरांनी मान वर केली, पुन्हा कागद पाहिला.

“मागच्या गल्लीतलं कोण सेकंड शिफ्टला आहे या आठवड्यात?”

“देवाजी हटवार. कोक ओव्हनवाले. कावून?”

भिलाईत अर्धं गाव शिफ्टवर जेवतं आणि झोपतं. पाळ्या तीन आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते; त्यामुळे प्रत्येकाची दुपारपाळी दर तिसऱ्या आठवड्यात येते. शाळा मात्र रोज एकाच वेळी भरते, म्हणून हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं. ताराला घेऊन ते मागच्या गल्लीत गेले. देवाजींच्या बायकोनं, सिंधुताईंनी, दार अर्धंच उघडलं. आतून ओळखीचं भुंकणं आलं.

“मोती आहे आमचा,” सिंधुताई म्हणाल्या.

“तीन वर्षांपासून?”

सिंधुताईंनी दार पूर्ण उघडलं. “हे दुपारपाळीले गेले का घर खाले उठते, सर. पोरगी सासरी गेली. हा येऊन बसते, भाकर खाते, हे आले का जाते. तुम्ही क्वार्टर बदलून राहिले म्हणून ऐकलं. मंग बांधून ठेवला.”

तारानं कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली. ताम्रपट दोघींमध्ये आडवा झाला आणि झोपला.

“काकू, तुम्ही त्याले भाकर देता? आमच्याकडे तो भाकरीले तोंड लावत नाही.”

“तुझी आई वरण देत असंल. माझी तर सुकटासंगं राहाते.”

सरांनी तिथंच रोजनिशीचं एक पान फाडून तह लिहिला. पुढच्या वेळेपासून देवाजींच्या दुपारपाळीच्या आठवड्यात कुत्रा सिंधुताईंकडे, बाकीचे दोन आठवडे लांजेवारांकडे. नावं दोन्ही चालतील. सिंधुताईंनी सही केली, तारानं साक्षीदार म्हणून केली. शुक्रवारी सामान हललं; पेटीवर आता ताम्रपट बसला होता.

नवं क्वार्टर देवाजींच्या प्लांटच्या वाटेवर होतं. दुपारपाळीच्या पहिल्या दिवशी ते फाटकाशी सायकलची घंटी वाजवत. ताम्रपट उठे, अंग झटके आणि जुन्या गल्लीची वाट धरी. रविवारी देवाजी त्याला परत आणून सोडत, बरोबर सुकटाचा डबा.

“याले प्लांटनं आता हजेरीचं टोकन द्यावं,” ते म्हणत.

तह लांजेवारांच्या बैठकीत कॅलेंडरशेजारी अडकवलेला होता. सरांनी रोजनिशीतला तीन वर्षांचा निष्कर्ष लाल शाईनं खोडला आणि खाली लिहिलं: ‘उपास नव्हता. ड्यूटी होती.’