डॉक्टरांचा शब्द आणि आमचा

माझी सून झरी गावातल्या आमच्या घरात बसून एका वेबसाइटसाठी लेख लिहिते. डॉक्टरांनी लिहिलेले अवघड लेख तिच्याकडे येतात. ते तिनं सोपे करायचे आणि माणसं फोनमध्ये जे शब्द टाकून शोधतात ते त्यात आणायचे, म्हणजे लेख सापडतो. लिहून झालं की ती मला वाचून दाखवते. मी चौथी शिकलेली. मला कळलं तरच लेख पाठवायचा, हे तिनंच ठरवलं.

मागच्या हिवाळ्यात मी शेंगा फोडत बसले होते आणि ती वाचत होती. मथळा होता, ‘गर्भाशय भ्रंश : कारणे आणि उपचार’. अर्धा लेख झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, हे तर अंग बाहेर येणं. मला झालेलं. तिला मी ते सगळं सांगितलं.

आमच्यात बारसं झालं की बाई शेतात. डोक्यावर कडबा, कमरेवर घागर. अंग बाहेर आलं की हातानं आत सारायचं, घट्ट लंगोट बांधायचा आणि पुन्हा खुरपायला बसायचं. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पुरुषांसमोर कोणी बोलत नव्हतं.

“आमचा शब्द टाकून बघ की,” मी म्हणाले. तिनं टाकला. अंगाला खाज सुटली तर काय लावावं, ते फोननं दाखवलं.

“बाईला सापडणारच न्हाई हे, आत्याबाई,” सून म्हणाली आणि तिथंच मथळा बदलला : ‘अंग बाहेर येते? उपचार आहे.’

संध्याकाळी माझ्या मुलानं तो वाचला. तो शाळेत मास्तर आहे.

“हे असलं नेटवर टाकायलीस? खाली तुझं नाव असतंय. शाळेतले सगळे वाचतेत.”

“वाचू दे,” मी म्हणाले. “त्यांच्या घरी बी बायका हायेत.”

“डॉक्टरचा शब्द हाय की. तेवढाच ठेवा.”

“तो शब्द कोण शोधतंय?”

“आई, तू गप बस. लाज वाटती.”

“तुला जन्म दिला आन् माझं बाहेर आलं. तवा तुला लाज वाटली न्हाई.”

सून मान खाली घालून मथळा खोडायला लागली. मी तिचं मनगट धरलं.

“खोडू नको. आन् लेखात ती ‘एक महिला’ हाय, ती कोण?”

“तुमीच,” ती हळूच म्हणाली. “ओळख नको म्हणून तसं लिहिलंय.”

“मग ‘माझ्या सासूला’ असं लिही. म्हातारपणी डॉक्टरीणबाईनं अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवली, लंगोट सुटला, हे बी लिही.”

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो उठून बाहेर गेला. तिनं मी सांगितलं तसं लिहिलं, मला एकदा वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.

मुलगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. न बोलू दे. लेख आहे तिथंच आहे.