चावीवाल्याची नजर

गेणू ओव्हाळ अब्दुल ड्रायव्हरला पाण्यात पाहायचा. लोणावळ्याच्या त्या फिजिओथेरपीच्या खोलीत हे सगळ्यांना कळलं होतं, फक्त अब्दुलला सोडून.

खोली तरी केवढीशी! बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर. भिंतीला आरसा, कोपऱ्यात स्पंजची जाड गादी, आणि फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवलेली पिवळी पट्टी. त्या पट्टीवरून काठी न धरता चालायचं, वळायचं, परत यायचं. बस, एवढंच. आणि तेवढंच गेणूला जमत नव्हतं. एकतीस वर्षं त्याने खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चावीवाला म्हणून काढली होती. खांद्यावर हातोडा टाकून रोज मैलोगणती चालायचं, रूळ जागच्या जागी धरणारी एकेक चावी बघायची, ढिली दिसली की ठोकायची. धुक्यात नाही, बोगद्यात नाही, कधी पाय म्हणून चुकला नाही. आणि आता अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली, तर पंधरा फुटांच्या पट्टीवर भर दुपारी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता.

"आबा, मान वर," व्यायाम करून घेणारी ज्योत्स्ना रोज सांगायची. "पाय कुठे आहे ते डोळ्यांनी नाही बघायचं. अंगाला विचारायचं."

अंगाला काय डोंबल विचारणार! झटका आल्यापासून डावं अंग त्याच्याशी बोलेनासं झालं होतं. डोळे मिटले की डावा पाय जगात आहे की नाही तेच कळत नसे. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आदळायचा. मग तो खाली बघायचा. जन्मभर खालीच बघून भाकरी मिळवलेला माणूस तो. त्याने मान वर केली असती, तर एखादी ढिली चावी राहून गेली असती आणि वरून गाडी गेली असती.

अब्दुलचं सगळंच उलटं. तो इंजिनाचा ड्रायव्हर, घाटातून गाड्या ओढून नेणारा. त्याची नजर जन्मभर लांबच्या सिग्नलवर. त्याला 'मान वर' म्हणून सांगावंच लागत नसे. झटका गेणूच्या मागून दोन महिन्यांनी आला, तोही डाव्याच बाजूला, आणि गडी काठी सोडून चालायलाही लागला. ज्योत्स्ना डोळे मिटायला लावायची, डावं पाऊल उचलून कशावर तरी टेकवायची आणि विचारायची, "कशावर आहे?" अब्दुल शांतपणे म्हणायचा, "स्पंजवर." बरोबर! ज्योत्स्ना टाळ्या वाजवायची. गेणूचं पाऊल फरशीवर असायचं, आणि तो स्पंज म्हणायचा. मेल्याला झटकासुद्धा फर्स्ट क्लासचा आला, असं गेणूला वाटे आणि अंगाचा तिळपापड होई.

त्यात शकुबाई, त्याची बायको, जखमेवर मीठ चोळायला हजर. "अवो, बगा की, अब्दुलभाई कसं ताठ चालत्यात!"

"मंग त्यांच्याच घरी जा ऱ्हायला," गेणू खेकसायचा.

हे दुखणं काही आजचं नव्हतं. घाटात गाडी आली की गेणू रुळाच्या बाजूला सरकून हिरवं निशाण धरायचा. इंजिनाच्या खिडकीतून अब्दुलचा हात वर व्हायचा आणि गाडी निघून जायची. हात गेणूसाठी, पण नजर पुढच्या सिग्नलवर. इतक्या वर्षांत या माणसाने आपलं तोंड एकदा धड पाहिलं नाही, हे गेणूच्या मनात खिळ्यासारखं रुतून बसलं होतं.

आता नातीचं, मानसीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. घरातला वडीलधारा म्हणून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढची मेणबत्ती गेणूनेच लावायची, हे ठरलेलं. काठी न घेता, कुणाचा हात न धरता जायचं, असा त्याने पण केला होता. आणि शकुबाईने अब्दुलला आणि त्याच्या बायकोला, नजमाला, आमंत्रण देऊन टाकलं होतं. माझ्या घरच्या मांडवात हा ताठ चालत येणार, आणि मी लटपटणार. हेच गेणूच्या डोक्यात घोळत राहिलं.

अशात एका सकाळी बाकावर शेजारी बसलेला अब्दुल म्हणाला, "गेणूभाऊ, सरळ जातो मी, पण वळताना झोक जातोय. तुम्ही काय करता?"

गेणूला स्वतःला वळताच येत नव्हतं. तरी तो म्हणाला, "पायाकडं बगायचं. वळताना नजर पावलावर, आन् झटक्यात फिरायचं. त्या पोरीला काय कळतंय?"

बोलताना त्याला पक्कं ठाऊक होतं आपण काय सांगतोय ते. खाली बघितलं की तोल कसा जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

अब्दुल पट्टीवरून गेला, टोकाला पोचला, मान खाली घातली आणि झटक्यात फिरला. ज्योत्स्नाने झेप घेतली, पण उशीर झाला. तो उजव्या हातावर पडला. मनगट मोडल्याचा आवाज गेणूपर्यंत आला.

"चाचा, खाली का बघितलंत?" ज्योत्स्ना रडवेली झाली.

"गेणूभाऊंनी सांगितलं म्हणून," अब्दुल कळ दाबत म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "यांनी हिरवं दाखवलं की मी गाडी काढायचो. कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

"आबा, तुमची सवय त्यांना कशाला लावायची?" ज्योत्स्ना एवढंच म्हणाली. चावीवाल्याने भाबडेपणाने आपली खोड सांगितली, असंच सगळ्यांनी धरलं. गेणूला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र भलतंच. पडूनसुद्धा हाच मोठा ठरला, म्हणून तो आणखी जळला, आणि त्या जळण्याची त्याला शरम वाटली. शकुबाईने विचारलं, तरी त्या रात्री तो जेवला नाही.

लग्नाला अब्दुल आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, पण आला आपल्या पायांनी. पहिल्या रांगेत, प्रतिमांच्या टेबलाजवळच बसला.

गेणूने काठी शकुबाईकडे दिली. दोन पावलं टाकली आणि डोळे आपोआप खाली गेले. तोल डावीकडे कलला. शकुबाई पुढे सरसावली. मान वर करावी, तर समोर अब्दुलचं तोंड होतं, आणि तेच तर बघवत नव्हतं.

तेवढ्यात अब्दुलने झोळीतून प्लास्टरचा हात काढला आणि वर धरला. खिडकीतून धरायचा तसाच. या वेळी मात्र तो गेणूकडेच बघत होता.

गेणूने त्या हातावर नजर लावली. डावा पाय कुठे पडतोय ते त्याने बघितलं नाही. एक, दोन, पाच, आठ. तो अब्दुलसमोर येऊन थांबला.

"अब्दुलभाई, त्या दिवशी मी मुद्दाम उलटं सांगितलं. तुमी पडावं म्हनून."

अब्दुलचा हात सावकाश खाली आला. बराच वेळ तो आपल्या पावलांकडे बघत राहिला.

"जा, मेणबत्ती लावा," शेवटी तो म्हणाला. "अजून तीन पावलं आहेत. मान वर ठेवा."

त्याची स्वतःची मान मात्र खालीच होती.