लाल गाडीची खोड

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मी गाडी सुरू केली, की समोरच्या इमारतीत तीन खिडक्या उघडतात. त्या माणसांच्या चेहऱ्यावर कौतुक असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता तिथे कीव दिसते. "अजून काढली नाही का ही?" असं तळमजल्यावरचे काका प्रत्येक महिन्याला विचारतात. ज्यांनी जन्मात पांढऱ्याखेरीज दुसऱ्या रंगाची गाडी घेतली नाही, त्यांनी मला गाडीबद्दल सल्ला द्यावा, याचं मला हसू येतं.

गाडी लाल आहे. दोन दारं, दोनच सीट, आणि जमिनीपासून उंची इतकी कमी की रस्त्यावरचं कुत्रं माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बघतं. सोळा वर्षांपूर्वी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना जोरात होता, तेव्हा मुंबईच्या एका हौशी माणसाकडून मी ती घेतली. हिचा एक रबरी पाइप फुटला तर दोन महिने वाट बघावी लागते. तरीही इंजिनाचा आवाज ऐकला की मला तिशीत गेल्यासारखं होतं, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

जानेवारीतल्या त्या शनिवारी मात्र निकाल लावायचा होता. आधी नाशिकच्या शोरूममध्ये नवी स्पोर्ट्स कार बघायची, मग मनमाडला जाऊन जुनीचं गिऱ्हाईक गाठायचं. ते पसंत पडलं तर जुनी तिथेच सोडून रेल्वेने परत. नाही पडलं तर जुनीच ठेवायची. बायकोला, नलिनीला, म्हटलं, "तूही चल, तेवढाच प्रवास." ती म्हणाली, "चला." गेली सोळा वर्षं ती असंच म्हणते.

शोरूममध्ये शिरलो तर एका कुटुंबाला नवी गाडी सुपूर्द करण्याचा सोहळा चालला होता. गाडीवर लाल साटीनचं कापड, त्यावर रिबन, शेजारी केक. पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून सगळं घर फोटोला उभं. मग कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि आतून निघाली ती एक पांढरी उंच गाडी, जशा आमच्या कॉलनीत अकरा आहेत. मुलगी बघायला आल्यासारखी सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. मला त्यांची दया आली.

आमचा विक्रेता तरुण होता आणि प्रत्येक वाक्यात 'अनुभव' हा शब्द घालत होता. "सर, ही गाडी नाही, हा अनुभव आहे." मी म्हटलं, "अनुभवाला ब्रेक कुठले आहेत?" तो हसला, पण त्याला कळलं नाही. गाडी मात्र खरोखर देखणी होती. आमच्या गाडीहूनही दोन बोटं खाली. मी पडद्यावरची बटणं दाबून बघत होतो, तोवर त्याने नलिनीला शेजारच्या सीटवर बसवून पाहिलं.

"मॅडम, कसं वाटतंय?"

"छान आहे," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गाडी राखून ठेवतो, असं त्याने सांगितलं. मी घड्याळात बघितलं आणि आम्ही निघालो.

आडगाव सोडल्यावर नलिनीला भूक लागली, म्हणून एका बागेतल्या मिसळीला थांबलो. नाशिककरांनी अलीकडे मिसळीची काय दशा केली आहे ती बघवत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली झोपाळे टांगलेत, बैल नसलेली एक बैलगाडी उभी केली आहे, आणि लोक मिसळ गार होईपर्यंत त्या बैलगाडीत बसून फोटो काढतात. रस्सा झणझणीत होता, ते कबूल करतो. सोबत पापड, दही आणि एक जिलबी. बाहेर आलो तर चार पोरं माझ्या गाडीला टेकून फोटो काढत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, ॲव्हरेज काय देती?" स्पोर्ट्स कारला ॲव्हरेज विचारणाऱ्या जमातीला मी उत्तर देत नाही.

नलिनीला गाडीत बसायला त्या दिवशी वेळ लागत होता. आधी दाराची चौकट धरायची, मग पाठ आत टाकायची, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. मी इंजिन सुरू ठेवून वाट बघत होतो. बायकांना कुठूनही निघायला वेळच लागतो, असं माझं जुनं मत आहे, त्यामुळे मी त्यात आणखी काही बघितलं नाही.

महामार्गावर पिंपळगाव मागे पडलं. ट्रकमागून ट्रक चालले होते आणि मी एकेकाला उजवीकडून मागे टाकत होतो. उंच गाड्यांमधले लोक खिडकीतून खाली वाकून आमच्याकडे बघायचे, जसं विहिरीत बघतात. मी त्यांना वेग दाखवून उत्तर दिलं. समोर चांदवडचे डोंगर उन्हात स्वच्छ दिसत होते, कडे तासल्यासारखे उभे. मी नलिनीला म्हटलं, "बघ, काय दिसतंय." ती "हं" म्हणाली.

खरी परीक्षा चांदवडहून मनमाडकडे वळल्यावर सुरू झाली. त्या रस्त्यावर गावागावाने आपापल्या पसंतीचे गतिरोधक घातले आहेत. एखाद्या गावातलं कुणी धडकलं, की गाव सरकारची वाट बघत नाही. एक ट्रॉली मुरूम, थोडं डांबर, आणि सकाळपर्यंत आडवा बांध तयार. उंची घालणाऱ्याच्या रागावर ठरते. दोन माणसं बसलेली असली की माझ्या गाडीचं पोट त्यावर घासतं. म्हणून आमची एक रीत ठरलेली आहे: बांध आला की नलिनी उतरते, मी गाडी तिरकी करून एकेक चाक पलीकडे नेतो, ती चालत येते आणि पुन्हा बसते.

तिसऱ्या बांधाला टपरीवरची एक बाई हे सगळं बघत होती. तिने नलिनीला विचारलं, "ताई, गाडी बंद पडली का?"

"नाही. मी उतरले की ती जाते."

"आन् मंग तुम्ही कशाला बसता?"

नलिनी हसली आणि तिथल्या दगडावर जरा टेकली. मी पलीकडे जाऊन हॉर्न वाजवला. टपरीवाल्या बाईने माझ्याकडे जे बघितलं, त्याला मी अडाणीपणा म्हटलं आणि विसरून गेलो.

मनमाडच्या अलीकडे गिऱ्हाइकाचं घर होतं. त्याचं नाव प्रशांत आहेर. बाप शेती करतो, मुलाने रस्त्यालगत मंगल कार्यालय बांधलं आहे. फोनवर हा माणूस गाडीचा इतका शौकीन वाटला होता, की मीच भारावलो होतो. आता समोर आल्यावर त्याने पहिल्याच दमात सांगितलं, "साहेब, वरातीला ठेवायची हाय. नवरा-नवरी दोघंच बसतील, नवराच चालवील, पुढं बँड. आख्ख्या तालुक्यात अशी गाडी नाय."

माझी गाडी. पहिल्या गिअरमध्ये, बँडच्या मागे, बॉनेटवर झेंडूच्या माळा, आणि काचेवर थर्माकोलची नावं. त्या क्षणी मी मनात ठरवून टाकलं, की गाडी विकायची नाही. नवी गेली खड्ड्यात. ही जुनीच शेवटपर्यंत वापरीन, पण वरातीला देणार नाही. आता फक्त चार शब्द गोड बोलून निघायचं होतं.

पण तेवढ्यात प्रशांतचे वडील बाहेर आले. सगळे त्यांना नाना म्हणत होते. डोक्याला टोपी, अंगात स्वेटर, हातात काठी. त्यांनी मला 'या' म्हटलं आणि थेट गाडीभोवती फिरायला लागले. आधी एक फेरी मुकाट्याने. मग बॉनेटवर थाप मारली आणि कान देऊन ऐकलं. टायर अंगठ्याने दाबून पाहिले. "वय किती?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे सोळा वर्षं आहे म्हटल्यावर मान हलवली. "जरा चालवून आना. त्या लिंबापोत (लिंबाच्या झाडापर्यंत) जा आन् या."

मी गेलो आणि आलो. मला काय चाललंय ते उमगलं तेव्हा खरं तर उठून जायला हवं होतं. म्हातारा बैल बघत होता.

"चाल बरी हाय," नाना म्हणाले. "खोड काय?"

बैलबाजारात हा प्रश्न शेवटी येतो. खोड म्हणजे जनावराची वाईट सवय: मारतो, जू टाकतो, पाण्यात बसतो. ती विचारायची असते आणि सांगायची असते. मी म्हटलं, "नाना, हिला कसली खोड. सोळा वर्षांत एकदाही दगा दिला नाही." हे खोटं होतं, पण मी विकणारच नव्हतो, तेव्हा बिघडलं काय.

नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते ओसरीवर बसलेल्या नलिनीकडे वळले.

"मालकाला इचारून उपयोग नाय," ते मला समजावत म्हणाले. "मालक खोड सांगत नसतो. जी रोज चारा टाकती, शेण काढती, तिला इचारावं. आमच्यात बाई हो म्हनल्याबिगर बैल घेत नाय कुनी. माय, तू बसतीस ना हिच्यात? आमच्या नवरीला शालू नेसून उतरायचंय. तू सांग, खोड काय हिची?"

नलिनीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, ती हसून वेळ मारून नेईल.

"गाडी चांगली आहे, नाना," ती म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली. बसताना एकदा दुखतात आणि उतरताना रडू येतं. आज सहा वेळा उतरले. तुमच्या नवऱ्या तरुण असतील, त्यांना काही होणार नाही."

प्रशांत आपल्या चपलेकडे बघायला लागला.

"तू मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तुम्ही हॉर्न वाजवत होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला तोंड वर करता येईना.

नानांनी थोडा वेळ काठीने जमीन टोकरली. मग मुलाला म्हणाले, "गाडी घे. गाडीत खोड नाय."

पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते चांगले माणूस होते.

मी गाडी विकली. वाद घालायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. कागदांवर सह्या झाल्या. किल्ली दिली तेव्हा नानांनी ती माझ्या जुन्या पितळी कडीतून काढली आणि कडी माझ्या हातात परत ठेवली. जनावर विकतात, पण त्याचं दावं (बांधायचा दोर) विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायचं, नाहीतर गोठ्याची बरकत दाव्यासोबत जाते, असं त्यांनी सांगितलं. किल्लीसाठी त्यांनी खिशातून स्वतःची सुतळी काढली. सकाळच्या शोरूममधली हातभर पुठ्ठ्याची किल्ली मला आठवली, आणि हसायला मात्र आलं नाही.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची शेवभाजी, वर कच्चा कांदा. सूनबाईंनी नलिनीला पाटाऐवजी खुर्ची दिली. इतकी साधी गोष्ट, आणि मला ती दोन वर्षांत सुचली नव्हती. निघताना अंगणातल्या लाल गाडीला सूनबाई हळदकुंकू लावत होत्या. मी बघितलं, पण थांबलो नाही.

स्टेशनवर पोचल्यावर शोरूमच्या मुलाला फोन करून सांगितलं, की गाडी राखून ठेवू नका. तो म्हणाला, "सर, मॅडमना तर आवडली होती." मी फोन ठेवला.

दुपारची गाडी रिकामी होती. नलिनी खिडकीशी बसली. मनमाड सुटताना तिने काचेवर बोट टेकवून विचारलं, "तो अंगठ्यासारखा उभा सुळका कुठला?"

"हडबीची शेंडी. किती वेळा आलोय आपण इकडून."

"आलो असू. तुम्ही ट्रक उजवीकडून काढता, मी डावीकडे बसते. मला चाकं दिसायची. ट्रक नसला की कठडा." ती अजून बाहेरच बघत होती. "खिडकीची कड माझ्या नाकाशी यायची. तुम्ही बघ म्हणायचात, मी हं म्हणायचे."

लाल गाडीतून केलेल्या प्रवासांवर मी दिवाळी अंकांत लेख लिहिले आहेत. सह्याद्रीच्या रांगा, घाटातलं धुकं, द्राक्षमळ्यांची हिरवी चौकोनी वस्त्रं. अनोळखी वाचकांना मी हे सगळं दाखवत होतो, आणि माझ्या शेजारी हातभर अंतरावर बसलेली बाई सोळा वर्षं ट्रकची चाकं बघत होती. आयुष्यभर मी ज्यांना नाकं मुरडली, ते पांढऱ्या उंच गाड्यांतले लोक निदान आपल्या बायकांना डोंगर तरी दाखवत होते.

लासलगाव गेलं, निफाड आलं. ती एकेक गोष्ट विचारत होती. कांद्याचे ढीग, उसाचे ट्रॅक्टर, मांडवावरची द्राक्षं कागदात का गुंडाळलीत. मी सांगत होतो. नवी गाडी कुठली घ्यायची, असं मी मध्येच विचारलं.

"बसताना वाकावं लागू नये आणि बाहेर दिसावं," ती म्हणाली. "रंग तुम्ही ठरवा."

नाशिक रोडला मी घाईने आधी उतरलो आणि वळून तिच्यापुढे हात केला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच केला असेन. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग दाराजवळचा दांडा धरला आणि सावकाश एकेक पायरी उतरून फलाटावर आली.

"हे मला जमतं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे चालू लागली.